इन्कम टॅक्सचं व्याज आणि दंड माफ करून घ्यायचाय? आधी कलम बघा, मग अर्ज लिहा

डिमांडची नोटीस, म्हणजे तुमचा एवढा टॅक्स बाकी आहे असं सांगणारी, आली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर घाबरून सगळे पैसे भरून मोकळे होतात नाहीतर मेल तशीच पडू देतात आणि व्याज वाढत राहतं. माफी मागता येते हे खूप जणांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते एकच सरसकट अर्ज लिहितात की साहेब परिस्थिती बिकट आहे, सगळं माफ करा. असा अर्ज हमखास फेटाळला जातो. कारण ऑफिसर दुष्ट असतो असं नाही, त्याच्या हातात 'सगळं माफ' करायचा अधिकारच नसतो. कायद्यात प्रत्येक व्याजासाठी आणि प्रत्येक दंडासाठी वेगळी वाट आहे, वेगळ्या अटी आहेत, वेगळा अधिकारी आहे. तुम्ही चुकीच्या खिडकीवर रांग लावली तर नंबर लागूनही काम होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत. पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या जुन्या कायद्यानेच चालतात, आणि आत्ता लोकांच्या हातात ज्या नोटिसा आहेत त्या बहुतेक जुन्या वर्षांच्याच आहेत, म्हणून खाली सगळीकडे जुने नंबर दिलेत. तुमच्या नोटिशीवर जो नंबर छापलाय तोच अर्जात लिहायचा, ऐकीव नंबर लिहायचा नाही.

नोटीस नीट उघडून बघा

मेलमधली पीडीएफ पासवर्ड मागते, तो म्हणजे तुमचा पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये काही नाही. १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे तुमचं रिटर्न तपासून डिपार्टमेंटने पाठवलेला हिशोब, असेल तर आत दोन रकाने दिसतील, एकात तुम्ही रिटर्नमध्ये भरलेले आकडे आणि शेजारी डिपार्टमेंटने काढलेले. वरून खाली एकेक ओळ जुळवत या आणि पहिला फरक कुठे पडतो तिथे थांबा. नव्वद टक्के उत्तर त्या एका ओळीत असतं असं म्हटलं तरी चालेल, कारण खालचे सगळे फरक त्या एका फरकामुळेच पडलेले असतात, उत्पन्न वाढलं की टॅक्स वाढला, टॅक्स वाढला की व्याज वाढलं.

नोटीस खरीच आहे ना हेही बघून घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून डिपार्टमेंटच्या पत्रांवर डीआयएन नावाचा नंबर असतो आणि तो ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करून पैसे भरायचे नाहीत, कधीच नाही. डिमांड खरी असेल तर पोर्टलवर पेंडिंग अॅक्शन्समध्ये, रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांडमध्ये ती दिसणारच.

आता कुठलं काय लागलंय ते ओळखायचं.

२३४ए म्हणजे रिटर्न उशिरा भरल्याचं व्याज. २३४बी म्हणजे अॅडव्हान्स टॅक्स, वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा तो, भरलाच नाही किंवा एकूण टॅक्सच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला त्याचं. २३४सी म्हणजे अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते वेळेवर भरले नाहीत त्याचं, हप्ते म्हणजे १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. तिन्हींचा दर महिन्याला १ टक्का. २२०(२) हे मात्र वेगळं प्रकरण, डिमांडची नोटीस मिळाल्यावर ३० दिवसांत पैसे भरले नाहीत तर त्यानंतर चालू होतं, हेही महिन्याला १ टक्का. आणि २३४एफ हे व्याजही नाही आणि दंडही नाही, ती लेट फी आहे, ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

महिना मोजायची पद्धत लक्षात ठेवा, एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना धरतात. समजा १,२०,००० ची डिमांड आहे आणि ३० दिवसांची मुदत संपून १३ महिने ४ दिवस झाले, तर १४ महिन्यांचं व्याज लागणार, म्हणजे १६,८००. ते चार दिवस १,२०० रुपयांना पडले. म्हणून पैसे भरायचेच असतील तर 'पुढच्या आठवड्यात बघू' करण्याआधी तुमचा महिना कुठल्या तारखेला पलटतो ते बघा.

माफी मागण्याआधी हिशोब तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. जे व्याज मुळातच चुकून लागलंय त्याची माफी कशाला मागायची, ते दुरुस्त करून घ्यायचं. त्यासाठी कलम १५४ खाली पोर्टलवर रेक्टिफिकेशन टाकता येतं, ज्या आर्थिक वर्षात ऑर्डर झाली ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत, आणि त्याला ना फी लागते ना कुणाची मनधरणी करावी लागते.

नेहमी सापडणाऱ्या चुका सांगतो. कंपनीने किंवा बँकेने टीडीएस कापला पण तो २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये, दिसत नाही, म्हणून तुम्हाला क्रेडिट मिळालं नाही आणि त्यावर व्याज चढलं. पगाराच्या स्लिपवर कपात दिसत असेल तर ती आणि फॉर्म १६ जपून ठेवा, कारण कलम २०५ प्रमाणे ज्या रकमेचा टीडीएस कापलाय ती तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. दुसरी चूक चलनाची, पैसे भरले पण चुकीचं असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) निवडलं, किंवा डिमांडचे पैसे ४०० ऐवजी ३०० या हेडखाली भरले, मग पैसे सरकारकडे आणि डिमांड तुमच्या नावावर, दोन्ही तसंच. ३०० म्हणजे रिटर्न भरताना स्वतःहून भरायचा टॅक्स, ४०० म्हणजे डिमांडपोटी. चलन दुरुस्तीची सोय पोर्टलवर आहे पण तिची मुदत छोटी असते, ती गेली की एओकडे, म्हणजे तुमची फाइल बघणाऱ्या असेसिंग ऑफिसरकडे, पत्र द्यावं लागतं.

तिसरी चूक शेअर-म्युच्युअल फंडवाल्यांची. मार्चमध्ये शेअर विकून नफा झाला तर जूनच्या हप्त्यात तो कुणाला कळणार होता, कायद्यालाही हे मान्य आहे, म्हणून कॅपिटल गेन आणि डिव्हिडंडमुळे हप्ता कमी पडला आणि तुम्ही पुढच्या उरलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत टॅक्स भरला तर २३४सी लागत नाही. पण सिस्टमला ते कळायचं कसं? रिटर्नमध्ये कुठल्या तिमाहीत किती नफा झाला असं एक कोष्टक असतं, घाईत लोक सगळा आकडा पहिल्याच रकान्यात टाकतात. मग सिस्टम समजते की नफा एप्रिल-जूनमध्येच झाला होता आणि चारही हप्त्यांचं व्याज लावून मोकळी होते. रेक्टिफिकेशनचं काम आहे ते, माफीचं नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठी अजून एक, वय ६० किंवा जास्त आणि धंद्याचं किंवा प्रोफेशनचं उत्पन्न नसेल तर अॅडव्हान्स टॅक्स भरायचीच गरज नाही, मग २३४बी आणि सी लागलं असेल तर जन्मतारीख चुकलीय का किंवा उत्पन्न धंद्याच्या रकान्यात गेलंय का ते बघा.

फार जुनी किरकोळ डिमांड दिसत असेल तर हेही तपासा, ३१ जानेवारी २०२४ ला जी थकीत होती त्यातली असेसमेंट इयर २०१०-११ पर्यंतची प्रत्येकी २५,००० पर्यंतची आणि २०११-१२ ते २०१५-१६ ची प्रत्येकी १०,००० पर्यंतची डिमांड सरकारने स्वतःहूनच रद्द केलीय, एका माणसाला एकूण १ लाखाच्या मर्यादेत. त्यासाठी अर्ज करायची गरज नव्हती. तरी दिसत असेल तर पोर्टलवर ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार, टाका.

मूळ टॅक्स भरून टाका

हिशोब बरोबर निघाला, टॅक्स खरोखरच बाकी आहे, तर तो भरा. व्याजाचं भांडण नंतर. मूळ टॅक्स न भरता व्याज माफीचा अर्ज करणाऱ्या माणसाकडे ऑफिसर कसा बघेल ते तुम्हीच सांगा. शिवाय डिमांड उभी राहिली की २२०(२) चा मीटर चालूच राहतो, अर्ज टाकला म्हणून तो थांबत नाही.

एकदम जमत नसेल तर २२०(३) खाली एओकडे हप्ते मागा, पण ते ३० दिवसांची मुदत संपायच्या आत मागायचे, नंतर उशीर झाला. पत्रात 'थोडे थोडे भरतो' असं मोघम लिहू नका, कुठल्या तारखेला किती ते सरळ लिहा आणि पहिला हप्ता अर्जासोबतच भरून त्याचं चलन जोडा. हप्त्यांवरही व्याज लागतंच हे मात्र धरून चाला. आणि तुम्हाला डिमांडच मान्य नाही, अपील केलंय, अशी केस असेल तर वसुलीला स्टे म्हणजे स्थगिती मागायची, त्यासाठी २०१७ पासून साधारण २० टक्के रक्कम भरायला सांगतात.

आता खरी माफी: २२०(२) चं व्याज

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चान्स इथे आहे. कलम २२०(२ए) सांगतं की हे व्याज कमी किंवा माफ करता येतं, भरलेलं असो की भरायचं असो, पण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, ही रक्कम भरल्याने तुम्हाला खरोखर अडचण झाली किंवा होईल. दोन, मुदतीत पैसे न भरण्यामागे तुमच्या हातात नसलेली कारणं होती. तीन, असेसमेंटच्या चौकशीत आणि वसुलीच्या कामात तुम्ही सहकार्य केलं. तिन्ही पाहिजेत. दोन भक्कम आणि एक गायब असेल तरी अर्ज पडतो, आणि तो पडतो बहुतेक वेळा दुसऱ्या अटीवर.

कारण लोक पहिल्या अटीवरच सगळा जोर लावतात. घरची परिस्थिती, मुलांची शिक्षणं, कर्ज, हे सगळं पान दीड पान, आणि मुदतीत का भरलं नाही यावर एक ओळ, 'आजारपणामुळे'. ऑफिसर विचारणार, आजारपण कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? नोटीस कधी मिळाली? मधल्या काळात दुसरे खर्च केले का? तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये त्याच महिन्यात मोठी एफडी केलेली दिसत असेल तर गोष्ट तिथेच संपली.

अडचण म्हणजे माणूस कफल्लकच पाहिजे असं नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बी. एम. मलानी यांच्या केसमध्ये सांगितलंय की मोठी मालमत्ता असलेला माणूस कधी अडचणीत येऊच शकत नाही असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की स्वतःच्या चुकीचा फायदा स्वतःला घेता येत नाही. म्हणजे घर आहे, जमीन आहे, पण हातात रोकड नव्हती, बँकेची खाती जप्त होती, हे चालण्यासारखं कारण आहे. विसरलो, सीएने सांगितलं नाही, मेल स्पॅममध्ये गेला, ही कारणं एकटी उभी राहत नाहीत.

अर्ज कुणाला करायचा हे रकमेवर ठरतं. सीबीडीटीच्या, म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या बोर्डाच्या, ४ नोव्हेंबर २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे ५० लाखांपर्यंतचं व्याज असेल तर प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनर, ५० लाखांच्या वर दीड कोटीपर्यंत चीफ कमिशनर, त्याच्या वर प्रिन्सिपल चीफ कमिशनर. आपल्यासारख्यांचं काम पहिल्या पातळीवरच असतं. तुमचा एओ आणि त्याची रेंज कुठली ते पोर्टलवर नो युअर एओमध्ये पॅन टाकून कळतं, तिथून वरचा कमिशनर कोण ते शोधायचं. अर्ज कमिशनरच्या नावाने आणि एक कॉपी एओला, कारण कमिशनर एओकडूनच रिपोर्ट मागवणार आहे. एओला तुमचा अर्ज आधी माहीत असला तर तो रिपोर्ट लवकर निघतो, हा आपला अनुभवाचा अंदाज.

अर्ज कसा लिहायचा

ठरलेला फॉर्म नाहीये, साध्या कागदावर चालतो. पण दोन-तीन पानांच्या वर जाऊ नका. वर नाव, पॅन, असेसमेंट इयर, डिमांडचा नंबर आणि तारीख, कुठल्या कलमाखाली अर्ज आणि किती रकमेचं व्याज. मग तारखांचं कोष्टक, माझ्या मते अर्जातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला काय झालं, तिसऱ्या बाजूला पुरावा कुठल्या पानावर. ऑफिसरच्या टेबलावर अशा फायलींचा ढीग असतो, तो गोष्ट वाचत बसत नाही, कोष्टक बघतो.

त्यानंतर तीन अटी तीन वेगळ्या परिच्छेदांत, कलमातल्याच क्रमाने. दुसऱ्या अटीचा परिच्छेद साधारण असा वाचला गेला पाहिजे:

'डिमांडची नोटीस मला १० जानेवारीला मिळाली. १४ जानेवारी ते २ एप्रिल मी हॉस्पिटलमध्ये दाखल होतो, डिस्चार्ज कार्ड पान ७ वर आहे. या काळात माझ्या खात्यातून झालेले सगळे खर्च उपचारांचेच आहेत, बँक स्टेटमेंट पान ९ ते १२. घरी परतल्यावर १८ एप्रिलला मी मूळ टॅक्स पूर्ण भरला, चलन पान १३.'

बघा, यात एकही विशेषण नाही. 'अत्यंत', 'नाइलाजास्तव', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती' असलं काही नाही, शेवटी एकदा नम्र विनंती लिहा की, पण ती पुराव्याच्या जागी नको. अडचणीच्या परिच्छेदाला मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स, कर्जाची कागदपत्रं आणि मालमत्तेची खरी यादी जोडा. मालमत्ता लपवू नका हो, एआयएसमध्ये, म्हणजे तुमच्या व्यवहारांच्या डिपार्टमेंटकडच्या यादीत, त्यांना तुमची एफडी, फ्लॅट, म्युच्युअल फंड सगळं आधीच दिसतंय, आणि लपवलेलं सापडलं की तिसरी अट, सहकार्याची, तीही गेली.

सहकार्य दाखवायला प्रत्येक नोटिशीला कधी उत्तर दिलं त्याच्या ई-पोच जोडायच्या. मुदतीत उत्तर दिलं असेल तर ते आवर्जून लिहा, दिलं नसेल तर त्याचं कारण लिहा, गप्प बसू नका.

शेवटी काय मागताय ते नेमकं, 'कलम २२०(२) खालचं अमुक रुपये व्याज पूर्ण माफ करावं, ते शक्य नसल्यास अंशतः कमी करावं'. अंशतःचा पर्याय ठेवाच, कायद्यात कमी करणे आणि माफ करणे दोन्ही आहे, आणि बऱ्याचदा समोरच्यालाही मधला मार्ग सोयीचा असतो. सोबत सुनावणीची संधी मिळावी असंही एक वाक्य टाका.

देताना दोन कॉपी न्यायच्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेऊन ती परत आणायची. ऑफिशियल मेलवर पण पाठवा. ही पोच हरवू नका, कारण अर्ज ज्या महिन्यात पोचला तो महिना संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत ऑर्डर काढणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुदत मोजायला तुमच्याकडे तारीख तीच एक. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज पूर्ण किंवा अर्धवट फेटाळता येत नाही, हेही कलमातच आहे. हिअरिंगला बोलावलं की जा, स्वतः गेलात तरी चालतं, ओरिजिनल कागद न्या आणि विचारलं तेवढंच बोला.

२३४ए, बी, सी चं काय

इथे जरा निराशाच आहे. ही व्याजं लावणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाने अंजुम घासवाला केसमध्ये २००१ मध्ये स्पष्ट केलंय, एओला ती सोडायचा अधिकारच नाही, त्यामुळे एओला कितीही गाठलं तरी उपयोग नाही. फक्त सीबीडीटीने कलम ११९ खाली काही ठरावीक प्रकारांना सवलत दिलीय, २६ जून २००६ च्या ऑर्डरने, आणि ते अधिकार चीफ कमिशनरकडे दिलेत. त्यात तुमची केस बसत असेल तरच अर्ज करा.

थोडक्यात ते प्रकार असे, धाडीत हिशोबाची वह्या-कागदपत्रं जप्त झाली म्हणून रिटर्न भरता आलं नाही, जप्त झालेली रोकड अॅडव्हान्स टॅक्सपोटी वापरायला दिली नाही, हप्त्याची तारीख गेल्यावर एखादं अनपेक्षित उत्पन्न आलं आणि त्याचा टॅक्स उरलेल्या हप्त्यांत भरला, हायकोर्टाच्या निकालाने जे करमुक्त होतं ते नंतर कायदा मागच्या तारखेपासून बदलल्याने किंवा सुप्रीम कोर्टाच्या निकालाने करपात्र झालं, आणि टाळता न येणाऱ्या कारणामुळे रिटर्न उशिरा गेलं पण डिपार्टमेंटने पकडायच्या आधी तुम्ही स्वतःहून भरलं. सामान्य माणसाच्या कामाचा हा शेवटचाच, आणि त्यातली किल्ली 'स्वतःहून' या शब्दात आहे. नोटीस आल्यावर भरलेलं रिटर्न यात बसत नाही.

२३४एफ च्या लेट फीसाठी अर्जाच्या नादाला लागू नका. फक्त एवढं बघा की तुम्हाला रिटर्न भरणं मुळात बंधनकारक होतं का, नसेल तर फी लागत नाही, मग ती दुरुस्तीची बाब.

रिटर्नची मुदतच पूर्ण गेली आणि रिफंड अडकलाय किंवा तोटा पुढे न्यायचाय, तर तो वेगळा अर्ज, ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा, १ ऑक्टोबर २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे १ कोटीपर्यंत कमिशनर पातळीवर होतो आणि असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

फ्लॅट घेणाऱ्यांचं टीडीएस

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण पहिल्यांदा घर घेणारे यात फार सापडतात. ५० लाख किंवा जास्त किमतीची जागा घेतली की विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस कापून २६क्यूबी हा फॉर्म भरायचा असतो. कापलाच नाही तर महिना १ टक्का, कापून भरला नाही तर महिना दीड टक्का, आणि फॉर्म उशिरा गेला की २३४ई ची दिवसाला २०० रुपये फी, टीडीएसच्या रकमेइतकी होईपर्यंत. यात माफी जवळजवळ नाहीच. एक छोटी फट आहे, २८ मार्च २०२५ च्या सर्क्युलरने, की मुदतीच्या आत तुमच्या खात्यातून पैसे गेले पण तांत्रिक बिघाडामुळे सरकारच्या खात्यात उशिरा जमा झाले, तर ते व्याज माफ होऊ शकतं. ज्या आर्थिक वर्षाचं व्याज लागलंय ते संपल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा. म्हणून शेवटच्या दिवशी पैसे भरताना पेमेंट अडकलं तर स्क्रीनशॉट आणि बँकेचा डेबिट मेसेज दोन्ही ठेवा.

दंड असेल तर

दंड आणि व्याज यात मोठा फरक हा की दंड लावायच्या आधी तुम्हाला विचारावं लागतं. कलम २७४ ची कारणे दाखवा नोटीस येते, त्यावर उत्तर देणं हीच तुमची खरी संधी, दंड लागल्यानंतरची माफी नाही. लोक ही नोटीस सोडून देतात आणि मग दंड आल्यावर धावपळ करतात.

ऑडिट रिपोर्ट उशिरा, टीडीएस कापला नाही, कागद वेळेवर दिले नाहीत, अशा बऱ्याच दंडांना २७३बी लागू होतं, म्हणजे सबळ कारण सिद्ध केलं तर दंड लावताच येत नाही. उत्तरात १९६९ चा हिंदुस्तान स्टीलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल टाकायची पद्धत आहे, लावता येतो म्हणून दंड लावायचाच असं नाही हे त्यात सांगितलंय. २०२१ पासून दंडाचं काम फेसलेस आहे, उत्तर पोर्टलवरच द्यायचं, प्रत्यक्ष बोलायचं असेल तर व्हिडिओ हिअरिंग मागता येतं.

उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड, म्हणजे २७०ए, हा त्या उत्पन्नावरच्या टॅक्सच्या ५० टक्के, आणि मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. ५० टक्केवाल्यांसाठी फॉर्म ६८ हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. असेसमेंट ऑर्डर ज्या महिन्यात मिळाली तो संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म भरायचा, टॅक्स आणि व्याज डिमांडच्या मुदतीत भरायचं आणि त्या ऑर्डरवर अपील करायचं नाही, एवढं केलं की दंडातून सुटका. अट छोटी वाटते पण इथे विचार करा, अपील सोडणं म्हणजे टॅक्स मान्य करणं. ऑर्डर खरंच चुकीची असेल आणि रक्कम मोठी असेल तर आधी सीएशी बोला, कारण नंतर मागे फिरता येत नाही. २०० टक्क्यांच्या केसमध्ये तर स्वतःचं स्वतः काही करूच नका.

आणि शेवटचा दरवाजा २७३ए, कमिशनरकडे. तुम्ही पकडले जायच्या आधी स्वतःहून खरं आणि पूर्ण उत्पन्न जाहीर केलं, सहकार्य केलं आणि टॅक्स-व्याज भरलं किंवा भरायची सोय केली, तर २७०ए चा दंड कमी किंवा माफ होऊ शकतो. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात खऱ्या अडचणीच्या आधारावर इतर दंडांसाठीही मागता येतं. पण २७०ए च्या दंडाचा हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून दहा-पंधरा हजारांच्या दंडासाठी तो वापरून टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

जीएसटीवाल्यांना यातलं काही लागू नाही. तिथे व्याज माफ करायचा अधिकार ऑफिसरला नसतो, सरकारच अधूनमधून योजना काढतं, जशी २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांसाठी जीएसटीच्या कलम १२८ए ची काढली होती, तिच्यासाठी टॅक्स ३१ मार्च २०२५ पर्यंत भरायचा होता. मोठी थकबाकी असेल तर कलम ८० खाली जास्तीत जास्त २४ हप्ते मागता येतात, व्याजासकट. पुढची योजना येईल म्हणून थांबणाऱ्यांचं वर्षाला १८ टक्के व्याजाने काय होतं ते कॅल्क्युलेटरवर बघा.

ऑर्डर आल्यावर

फेटाळली तर २२०(२ए) आणि २७३ए च्या ऑर्डरवर नेहमीचं अपील नाही, हायकोर्टात रिट करावी लागते, आणि ती रक्कम बघूनच करावी. मात्र दंडाच्या मूळ ऑर्डरवर कमिशनर अपील्सकडे फॉर्म ३५ ने ३० दिवसांत जाता येतं, त्यामुळे माफीच्या अर्जाची वाट बघत ती मुदत घालवू नका.

मंजूर झाली तर लगेच निवांत होऊ नका. कमिशनरची ऑर्डर निघाली तरी पोर्टलवरची डिमांड आपोआप खाली येत नाही, एओने ती सिस्टममध्ये टाकावी लागते. ऑर्डरची कॉपी जोडून एओला पत्र द्या, पोच घ्या, आणि पंधरा-वीस दिवसांनी पोर्टलवर आकडा बदललाय का ते बघा. बदलला नसेल तर ई-निवारणवर ग्रीव्हन्स टाका, कारण पुढच्या वर्षीचा रिफंड आला की सिस्टम तो त्या जुन्या आकड्यात वळता करायला बघते.